राखाडी मोज्यातली बाटली

हेझलने माल्टची, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या सातूची, भिजलेली पिशवी पातेल्यातून वर उचलली आणि मनगटात कळ आली. कोरडी असताना एका हाताने उचललेली पिशवी आता भिजून चांगलीच जड झाली होती. तिने ती कशीबशी पातेल्यावरच्या जाळीवर टेकवली, कंबरेवर हात ठेवून जरा उभी राहिली, आणि मग वरून गरम पाण्याचा तांब्या हळूहळू ओतायला लागली. खाली तपकिरी, गोडसर रस ठिबकत होता. गॅरेजभर शिजलेल्या धान्याचा वास होता.

"आता पुढे काय?" ती मोठ्याने म्हणाली.

उत्तर द्यायला कोणी नव्हतं. तिचा नवरा डेस फेब्रुवारीत गेला होता, पण तोंडाला लागलेली सवय अशी थोडीच जाते. इतकी वर्षं ती या गॅरेजात स्टुलावर बसायची, विणकाम करायची, आणि डेस मागेल ते हातात द्यायची. चमचा दे, थर्मामीटर दे, ते झाकण नाही गं, ते दुसरं. बिअर मात्र त्याची. ती पिणार अर्धा ग्लास, आणि म्हणणार, छान झालीय. तो म्हणायचा, तुला काय कळतंय.

इंग्लंडातल्या बर्टनमध्ये घरी बिअर करणाऱ्यांचं एक मंडळ आहे. बिअरच्या मोठमोठ्या भट्ट्यांच्या गावात घरी बिअर करत बसायचं म्हणजे सोनारांच्या आळीत राहून घरी बांगडी घडवण्यासारखं, पण माणसांना हौस असते. दर वसंतात मंडळ एकाच माल्टचं पोतं आणि एकाच हॉपच्या वेलाची कडू फुलं आणतं, सगळ्यांना सारखा वाटा देतं, आणि ज्याने त्याने आपापल्या घरी त्याची इंडिया पेल एल ही कडवट बिअर करायची. एकच माल्ट, एकच हॉप. साध्या वरणभातासारखं हे प्रकरण: मसाला नाही, त्यामुळे बिघडलं तर झाकायला जागा नाही. मग जूनमध्ये सगळ्यांनी जमायचं, सगळ्यांच्या बाटल्या चाखायच्या, आणि एकमेकांची मनसोक्त बिनपाण्याने हजामत करायची.

डेसने आपलं नाव आजारी पडण्याआधीच दिलं होतं. एप्रिलमध्ये मंडळाची चिटणीस जॅनिस त्याचा वाटा घेऊन दारात उभी राहिली, आणि तिचा चेहरा एवढा कसनुसा झाला होता की हेझललाच तिची दया आली.

"चुकून यादीत राहिलं गं," जॅनिस म्हणाली. "नको असेल तर परत नेते."

"राहू दे," हेझल म्हणाली. का म्हणाली, तिचं तिलाही कळलं नाही. नाही म्हणायचंही त्राण नव्हतं म्हणा.

त्यानंतर पिशवी तशीच जिन्याखाली पडून होती. शेवटी एका सकाळी, दुसरं काही करायला नव्हतं म्हणून, तिने पातेलं नळाखाली धरलं. डेस आदल्या संध्याकाळीच पातेलं भरून ठेवायचा. ती तेव्हा चर्चमध्ये गाण्याच्या सरावाला गेलेली असायची. पण पाण्याचं काय एवढं? बिअरसाठी अख्ख्या जगाने ज्या पाण्याची नक्कल करायची, ते बर्टनचं पाणी. इथल्या माणसाला पाण्याबद्दल काही सांगावं लागत नाही, आणि ती तर इथेच जन्मली होती.

रस उकळायला लागल्यावर तिने अर्धी फुलं घातली. उरलेली अगदी शेवटी. आधी कडूपणा, मग वास, असं डेस म्हणायचा. फुलं पडली तशी वाफेतून संत्र्याच्या सालीचा आणि कापलेल्या गवताचा वास आला, आणि हेझलने डोळे मिटून तो भरभरून घेतला. फार दिवसांनी तिच्या नाकाला काहीतरी बरं वाटलं होतं.

कारण तिच्या नाकाचं एक दुखणं होतं, आणि ते तिने डॉक्टर सोडून कोणाला सांगितलं नव्हतं. डेस दवाखान्यात होता तेव्हा ती रोज त्या वॉर्डात बसायची. तो वॉर्डाचा वास, जंतुनाशकाचा, पट्ट्यांचा, तो तिच्याबरोबर घरी आला. आधी कोटाला येत होता. कोट धुतला, मग देऊन टाकला. मग पावाला यायला लागला, उशीला, चर्चमधल्या भजनाच्या पुस्तकाला. डॉक्टरीण चांगली मुलगी होती, ती म्हणाली, "दुःखात होतं असं. नाकात काही नाही, मनात आहे. जाईल." आणि मे महिन्यात तो वास खरंच गेला. एके दिवशी पाव पावासारखा लागला. हेझल स्वयंपाकघरात उभी राहून अख्खा पाव लोण्याबरोबर खात बसली आणि रडली.

बिअर बादलीत फसफसली, शांत झाली. तिने बाटल्या भरल्या. दोन आठवड्यांनी, दुपारी, पहिली बाटली उघडली, ग्लासात ओतली, नाकाशी नेली.

वॉर्ड.

तिने ग्लास खाली ठेवला. खिडकी उघडली, बाहेर डोकं काढलं, पुन्हा येऊन वास घेतला. तोच. संत्रं नाही, गवत नाही. दुसरी बाटली उघडली. तोच.

आता खोटं कशाला बोला, ती घाबरली. बिअरलाच तो वास असेल तर बिअर मोरीत ओतून द्यायची, संपलं. पण तसं नसेल, तर तो वास परत आला होता. म्हणजे सगळं परत येणार, पाव, उशी, पुस्तक, आणि या खेपेला जाईल याची काय खात्री? बिअर ओतून देता येते. आपलं डोकं कुठे ओतणार?

कोणाला तरी विचारायला हवं होतं. शेजारणीला नको, ती म्हणेल, बिचारी. मुलगा दूर ॲबरडीनला. तो फोनवर गप्प होईल आणि मग म्हणेल, आई, तू आमच्याकडे ये. शेवटी तिला मंडळ आठवलं. तिथे बाटल्यांना मोजे घालतात, लेबल दिसू नये म्हणून. कोणाची बिअर ते कोणाला कळत नाही, आणि म्हणूनच कोणी कोणाची भीड ठेवत नाही. आणि तिथे रेग पिकरिंग असतो.

रेगने जन्मभर ड्रायव्हिंगच्या परीक्षा घेतल्या. अर्ध्या बर्टनला त्याने नापास केलं होतं. जॅनिसला दोनदा, मंडळातल्या ट्रेव्हरला तर चर्चच्या फाटकातच. निवृत्त झाल्यावर तेवढाच उत्साह त्याने बिअरकडे वळवला. डेसच्या बिअरला त्याने कधी चांगलं म्हटलं नाही. "उकडलेला कोबी," तो एकदा म्हणाला होता. एकदा म्हणाला, "पिण्यासारखी आहे, पण का प्यावी?" परत येताना डेस गाडीत स्टिअरिंगवर हात आपटायचा. "उद्धट म्हातारा! त्याला काय कळतंय!" आणि दुसऱ्याच दिवशी गॅरेजात जाऊन, कोबी कुठून आला, ते शोधत बसायचा.

रेग सांगेल, हेझलला वाटलं. रेग कोणाला सोडत नाही.

ती बाजारात गेली आणि एक नवीन राखाडी मोजा विकत घेतला. म्हणजे जोडी घ्यावी लागली. डेसचे मोजे घरात खोकाभर होते, पण त्याचा पिवळाकाळा फुटबॉलचा मोजा मंडळात सगळ्यांना ओळखू आला असता.

लॉन बोलिंग क्लबच्या मागच्या खोलीत ते जमले. टेबलावर मोजे घातलेल्या बाटल्या ओळीने उभ्या होत्या, लाल, पट्ट्यांचा, एक भोक पडलेला. चीज होतं, बिस्किटं होती, डुकराच्या मांसाचं सारण भरलेला पाई होता. हेझल आत शिरली तशी सगळी उठून उभी राहिली, आणि तिला वाटलं, झालं, इथेही तेच.

"ये गं बयो, ये," जॅनिसने तिला मिठी मारली. "तू आलीस हेच खूप आहे."

"मी बिअर चाखायला आलेय," हेझल म्हणाली.

"हो हो, अर्थात."

कोणाचं लक्ष नाही असं बघून हेझलने राखाडी मोज्यातली बाटली ओळीत सरकवली. पहिल्या काही बाटल्यांना नेहमीसारखीच झोडपाझोडपी झाली. लाल मोज्याला रेग म्हणाला, "ही कोणी साबणाच्या बादलीत केली?" आणि ट्रेव्हरचे कान लाल झाले, त्यावरून ती कोणाची ते सगळ्यांना कळलं. हसाहस झाली. ट्रेव्हर म्हणाला, "तुमच्या जिभेला गंज चढलाय, रेग." हेझल कोपऱ्यात बसून ऐकत होती.

मग राखाडी मोजा आला.

जॅनिसने सगळ्यांना थोडी थोडी ओतली. ट्रेव्हरने ग्लास नाकाशी नेला, आणि त्याचं तोंड कडू औषध पाजलेल्या पोरासारखं झालं.

"अरे बापरे, हे काय..."

टेबलाखाली जॅनिसचा बूट त्याच्या नडगीवर बसला. आवाजच आला. ट्रेव्हरने तिच्याकडे पाहिलं, तिने नव्याकोऱ्या मोज्याकडे पाहिलं, मग हेझलकडे, अगदी क्षणभर. ट्रेव्हरचा चेहरा उतरला.

"हे काय... वेगळं आहे," तो म्हणाला. "छान वेगळं आहे. म्हणजे, कोणी केली असेल त्याने मनापासून केलीय."

"मला तर फार आवडली," जॅनिस म्हणाली.

"स्वच्छ," कोणीतरी म्हणालं. "एकदम स्वच्छ चव."

"हॉप किती छान कळतोय," दुसरं कोणीतरी.

हेझलने सगळ्यांचे चेहरे पाहिले. सगळे हसत होते, तिच्याकडे न बघता. आपल्याला ओळखलंय हे तिला कळलं होतं; पण त्यांना वासही आलाय का, हे कळायला मार्ग नव्हता. माणसं दयेपोटीही असंच हसतात, आणि खरंच आवडलं तरी असंच. ट्रेव्हरचं तोंड वाकडं झालं होतं ना? की तेही तिच्याच मनाने पाहिलं? तिने रेगकडे बघितलं. सगळ्यांनीच बघितलं.

रेगने ग्लास उजेडात धरला. वास घेतला. एक घोट घेतला. मग उरलेली सगळी एका दमात पिऊन टाकली आणि ग्लास खाली ठेवला.

"बरी आहे," तो ग्लासाकडे बघत म्हणाला. "पुढची आणा."

हेझलने रिकामे ग्लास गोळा केले, राखाडी मोज्यातली बाटलीही उचलली, आणि कोणी काही म्हणायच्या आत खोलीला लागून असलेल्या छोट्या स्वयंपाकघरात गेली. बेसिनमध्ये पाणी सोडलं. म्हणजे बिअर बरी आहे. म्हणजे आपणच बऱ्या नाही. रेगने सांगितलं म्हणजे संपलं. तो वास परत आलाय, आणि आता आपण म्हातारपणभर त्या वॉर्डातच बसून राहणार.

मागे दार वाजलं. रेग दोन ग्लास घेऊन आला होता.

"हे राहिले होते."

"ठेवा तिथे."

तो गेला नाही. टॉवेल उचलून उगीच एक ग्लास पुसायला लागला. त्याला ग्लास पुसताना तिने कधी पाहिलं नव्हतं.

"रेग, बरी म्हणजे काय?"

"बरी म्हणजे बरी."

"इतक्या वर्षांत तुम्ही डेसच्या बिअरला एकदाही बरी म्हणाला नाहीत."

"डेसची गोष्ट वेगळी होती. तो उलट भांडायचा."

"आणि मी?"

ग्लास कधीच कोरडा झाला होता, तरी रेग तो पुसत राहिला. हेझलने नळ बंद केला.

"हे बघा, मला त्या बिअरला वॉर्डाचा वास येतो," ती म्हणाली. "डेस होता त्या वॉर्डाचा. मला तो घरभर यायचा, पावालासुद्धा. मग गेला. आता तो परत आलाय की त्या बाटलीत आहे, एवढंच मला सांगा. बाकी तुमची माया नको मला. माया पुष्कळ झाली. घरात ठेवायला जागा नाही."

रेगने टॉवेल खाली ठेवला. बाटलीत अजून बरीच उरली होती, त्यातली थोडी त्याने ग्लासात ओतली. नीट हुंगली. पुन्हा हुंगली. मग बाजूच्या स्टुलावर बसला.

"अगं बाई माझे," तो म्हणाला. "जखमेवरची पट्टी. तुरटसर औषध. दाताच्या डॉक्टरची खुर्ची. ग्लास तोंडाशी यायच्या आधीच."

"नक्की?"

"नक्की काय विचारतेस! ट्रेव्हरला आला. जॅनिसला आला, म्हणून तर लाथ घातली तिने. सगळ्यांना आला. बाहेर गवत कापतोय त्यालाही आला असेल."

"बाटलीला?"

"मग काय मला? बाटलीलाच!"

हेझल मागच्या दाराच्या पायरीवर मटकन बसली. ती रडत होती की हसत होती, ते रेगला कळेना. तो घाबरून उठायला लागला, तशी तिने हात हलवून त्याला बसवलं.

"मी पिऊन टाकली ती," तो ओशाळून म्हणाला. "म्हटलं, पोरीला वाईट वाटू नये. फार घाण होती गं."

"पुन्हा म्हणा."

"काय?"

"घाण होती ते."

"घाण होती," रेग म्हणाला, आणि त्याच्या आवाजात जुना परीक्षक हळूहळू जागा व्हायला लागला. "पाण्यात गोळी टाकली होतीस?"

"कसली गोळी?"

"कसली गोळी म्हणे! क्लोरीन मारणारी. अर्धी टाकली तरी चालतं."

"बर्टनच्या पाण्यात?"

"बर्टनचं पाणी विहिरीत, हेझल! जमिनीखाली! तुझ्या नळाला येतं ते जंतू मारून येतं, सगळ्या जगाच्या नळाला येतं तसंच. त्या क्लोरीनचं माल्टशी जमलं की असा वास सुटतो. पहिल्याच चौकात नापास झालीस तू. सिग्नलच पाहिला नाहीस."

"डेसने मला कधी सांगितलं नाही."

"तू विचारलंस का?"

नव्हतंच विचारलं; आदल्या संध्याकाळी तो पातेल्यात काय टाकायचा, ते तिने कधी पाहिलंच नव्हतं. मग तिने डोळे पुसले, उठली, बाटलीचा मोजा ओढून काढला आणि उघडी बाटली घेऊन मोठ्या खोलीत गेली. तिने बाटली टेबलाच्या मधोमध ठेवली.

"ही माझी," ती म्हणाली. "घाण झालीय. पाण्याचं रेगनी सांगितलं. आणखी काय काय चुकलंय ते सांगा."

जॅनिस बिस्किटं सरळ करायला लागली.

"पट्टी," ट्रेव्हर अगदी हळू म्हणाला.

"ट्रेव्हर!"

"ती विचारतेय ना! पट्टीचा वास आहे. आणि..." त्याने हेझलकडे चाचरत पाहिलं. "आणि पातळ आहे. माल्ट नीट भिजला नाही."

"चांगला तासभर भिजवला," हेझल म्हणाली.

"पाणी कोमट असेल मग."

"कोमट नव्हतं. थर्मामीटर आहे माझ्याकडे."

"थर्मामीटर डेसचा तो? तो पहिल्यापासून खोटं बोलतो," मागून रेग म्हणाला. "मी त्याला दहा वेळा सांगितलं होतं, फेकून दे."

"मला विचाराल तर," जॅनिसने शेवटी बिस्किटं सोडली, "पहिली फुलं फार वेळ उकळलीस तू. घशाशी ओरखडतं."

"अजिबात नाही. बरोबर उकळली."

"मग कडू का लागतं?"

"तुझ्या घशाला लागत असेल."

कोणीतरी फिसकन हसलं. जॅनिसने तोंड उघडलं, मिटलं, आणि मग ठणकावून म्हणाली, "माझ्या घशाला काही झालं नाही. फुलं जास्त उकळलीस, आणि मी ते सिद्ध करून दाखवीन." लगेच ट्रेव्हर मध्ये पडला, फुलं नाहीत, पाणीच दोन्हीला कारण आहे, रेग म्हणाला, तू साबणाची बिअर करणारा, तू गप्प बस, आणि सगळे एकदम बोलायला लागले. ग्लास फिरले, नाकं वाकडी झाली, उघडपणे, तिच्या तोंडावर. डेसचं नाव पुन्हा कोणी घेतलं नाही.

हेझलने एक ग्लास उचलून हुंगला. होता वास. ग्लासात होता. मग तिने आपल्या स्वेटरची बाही नाकाशी धरली. बाहीला कपडे धुण्याच्या पावडरचा वास येत होता, आणि बेसिनवर भिजली होती तिथे ओल्या लोकरीचा. दुसरा कसलाही नव्हता.

"हेझल," ट्रेव्हर गोंगाटावर आवाज चढवून म्हणाला, "फेसाबद्दल बोलू का? राग नाही ना येणार?"

"येईल," ती खुर्ची पुढे ओढत म्हणाली. "पण बोल."